ऑटोचं 'या, या'

आमच्या फुटबॉल टीमचे किस्से म्हणजे बेसमेंटमधले हातमोजे! एक शोधायला जावं तर भलत्याच जोडीचा हाताला लागतो, आणि तो बघून तिसरा आठवतो. आता तावडीत सापडलाच आहात तर ऐका. चहा हवा असेल तर आत्ताच सांगा, मध्ये उठायचं नाही.

आम्ही कॅनडातल्या हॅमिल्टनचे मराठी लोक. कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी हॉस्पिटलमध्ये, सगळे जन्मभर क्रिकेट खेळलेले. पण क्रिकेटला ग्राउंड मिळेना, तेव्हा माझ्या नवऱ्याने, दिलीपने, ठरवलं की फुटबॉल खेळू. एकदा त्याने ठरवलं की विषय संपला! मी टीमची मॅनेजर. म्हणजे पोहे, बँड-एड आणि आरडाओरडा.

*

जवळच जर्मन लोकांची एक जुनी फुटबॉल असोसिएशन होती. दिलीपने तिथे फोन लावला. उचलला अध्यक्षांनी. ऑटो नावाचे म्हातारे गृहस्थ, स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. आम्ही मराठी आहोत, फुटबॉल येत नाही पण शिकू, असं दिलीप सांगत होता आणि पलीकडून एकच उत्तर येत होतं, "या, या."

मी म्हटलं, "अरे, जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो'."

"हो म्हणू दे नाहीतर या म्हणू दे, जायचं तर आहेच ना!"

रविवारी आम्ही तीन व्हॅन भरून, पोराबाळांसकट, पोह्यांचं पातेलं घेऊन ग्राउंडवर हजर! गेटपाशी ऑटो दंताळं घेऊन पालापाचोळा ओढत होते. आम्हाला बघून दंताळं हातातून पडलंच.

"तुम्हाला कुणी बोलावलं?"

दिलीप म्हणाला, "तुम्हीच की! दोनदा!"

*

ऑटोंनी आम्हाला हाकललं नाही, त्याला कारण होतं. त्यांची चौथी टीम नुकतीच मोडली होती. चार टीम्स पूर्ण सीझन खेळल्या तरच ग्राउंड असोसिएशनकडे राहणार, नाहीतर सिटी ते बेसबॉलला देणार. ऑटो आणि त्यांचे मित्र या देशात आले तेव्हा तिथे नुसता खडकाळ माळ होता. प्लांटमधली शिफ्ट संपली की हे लोक येऊन हाताने दगड वेचायचे.

"मी आहे तोवर इथे फुटबॉलच होणार," ऑटो म्हणाले आणि पोह्यांची दुसरी प्लेट घेतली.

*

आमची पहिली मॅच. गोलकीपर सुहास, पुण्यात कॉलेजच्या टीमचा विकेटकीपर. समोरच्याने असला सणसणीत शॉट मारला की आम्ही डोळेच मिटले. उघडून बघतो तर सुहासने उडी मारून बॉल चक्क पकडलेला! काय टाळ्या, काय शिट्ट्या!

सुहासला राहवलं नाही. "कॅच!" असं ओरडून त्याने सवयीने बॉल उंच हवेत उडवला आणि आमच्याकडे धावत सुटला. बॉल त्याच्यामागे खाली आला. टप्पा घेऊन आमच्याच गोलमध्ये गेला.

मॅच आम्ही एका गोलने हरलो. तो हाच.

*

मॅच झाली की ऑटो खुर्ची टाकून असोसिएशनच्या सुरुवातीच्या गोष्टी सांगायचे. तेव्हा प्रत्येक गावाकडच्या लोकांची वेगळी टीम. डॅन्यूबकाठचे एक, हॅम्बुर्गचे दुसरे. आपापसात असली चुरस की सोमवारी प्लांटमध्ये एकमेकांशी बोलायचे नाहीत!

एका वर्षी हॅम्बुर्गवाल्यांनी एक काळाभोर, कुरळ्या केसांचा पठ्ठ्या आणला. म्हणे, आमच्या गावचा आहे, जरा लाजाळू आहे, बोलत नाही. त्याने धडाधड गोल केले. मग एक चुकला आणि हा लाजाळू माणूस पाच मिनिटं अस्खलित इटालियनमध्ये शिव्या देत उभा! रेफ्री वॉल्टर शिट्टी वाजवायची विसरून ऐकत राहिला.

त्याच संध्याकाळी ऑटोंनी नियम केला: टीममध्ये आपलीच माणसं. बाहेरचा चालणार नाही!

*

त्या उन्हाळ्यात माझी आई नागपूरहून आली होती. एकदा ऑटो आम्हाला ग्राउंडवर न्यायला आले. मी वरून ओरडले, "आई, आवर लवकर, ऑटो बाहेर उभा आहे!"

खाली येऊन बघते तर आई पिशवी काखेत मारून ऑटोंच्या गाडीच्या खिडकीशी वाकलेली. "काहून रे भाऊ, मीटरनं चालतोस ना?"

ऑटोंना अक्षर कळलं नाही. पण अदबीने म्हणाले, "या, या."

"बसा म्हणते," आई मला म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली.

*

सीझन संपत आला तेव्हा दिलीपने ऑटोंना सांगितलं, "आमच्यात 'या' म्हणजे, आत या, आपलंच घर आहे."

ऑटो हसायलाच लागले. डोळ्यांत पाणी येईतो हसले. म्हणाले, जर्मनमध्ये एकदा 'या' म्हटलं तर हो. दोनदा म्हटलं तर, पुरे झालं, फोन ठेव!

*

आणि मग शेवटची मॅच. नेमका टोरोंटोत मंडळाचा गणपती! निम्मी टीम तिकडे. दिलीपने एकेकाला फोन करून घसा बसवून घेतला. "बाप्पा थांबेल रे, रेफ्री थांबणार नाही!"

सुहास आरती अर्ध्यावर सोडून सोवळं नेसूनच आला. तरी आम्ही सहाच. सात असल्याशिवाय मॅच सुरू होत नाही. मॅच नाही तर सीझन पूर्ण नाही, आणि सीझन पूर्ण नाही तर ग्राउंड गेलं! रेफ्री तोच जुना वॉल्टर, घड्याळाकडे बघत उभा. मला रडूच फुटायला आलं होतं.

ऑटो खुर्चीतून उठले. आमची बॅग उघडली, आमची भगवी जर्सी काढली आणि शर्टावरूनच घातली. पोटावर बसेना, तर मी मागून खेचली. मग गुडघा धरत धरत आमच्या सहाजणांच्या ओळीत येऊन उभे राहिले.

वॉल्टर त्यांच्यासमोर आला. "ऑटो, टीममध्ये फक्त आपलीच माणसं. हा नियम कुणाचा?"

"माझा."

"मग सांग. आर यू मराठी?"

ऑटोंनी एकदा ग्राउंडकडे पाहिलं, एकदा सोवळ्यातल्या सुहासकडे. छाती पुढे काढली आणि एकदाच म्हणाले,

"या!"

आणि आम्ही सगळे एकदम ओरडलो, "या, या!"