देवीच्या तोंडावरचं फडकं

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरले की दादूस आधी पहिल्या खांबावर थाप मारायचे, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी, आणि म्हणायचे, "ह्यो आमचा डोंगर हाय."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, स्वारीने सकाळीच घेतलेली दिसते. पण ते शुद्धीत होते आणि म्हणत होते तेही खरं होतं. डोंगराखालच्या मूळ गावातले ते. भातशेती गेली, तिथे नवी मुंबईचे सेक्टर झाले, मग त्यांनी मागच्या डोंगरावर खडीचं क्रशर टाकलं. आमची इमारत, समोरची शाळा, स्टेशनकडे जाणारा रस्ता, सगळ्यांच्या पोटात त्यांचीच खडी. सगळे त्यांना दादूस म्हणत, म्हणजे मोठा भाऊ. मीही म्हणू लागलो. सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासून मला मोठ्या भावाची फार गरज भासत होती.

आमची ओळख भांडणातून झाली, म्हणजे मी भांडायला गेलो होतो. तेव्हा क्रशर चालू होतं. खिडकीच्या कठड्यावर रोज राखाडी पीठ साचायचं. मी साऱ्या सोसायटीच्या सह्या गोळा केल्या आणि छाती काढून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"धूल हाय, बरोबर हाय," ते म्हणाले. "पन तुज्या घराचा स्लॅब काय पुरनपोलीचा हाय का?"

परत आलो तेव्हा सह्यांचा कागद हातात तसाच होता, वर सुक्या बोंबलांची पिशवी होती.

आरोग्याच्या बाबतीत मी पहिल्यापासून जागरूक माणूस. ऐरोलीला एसीत बसून काम करतो. घरात हवा शुद्ध करायचं यंत्र आहे, ते चालू असलं की टीव्ही ऐकू येत नाही. मॉर्निंग वॉकला मास्क लावतो आणि टपरीपाशी आलो की वडापावसाठी तो हनुवटीवर ओढतो. क्रशर होतं तेव्हा नेमका त्याच वेळी खडीचा डंपर जायचा. दादूस समोरच्या बाकावर बसून हे रोज बघायचे. एकदा म्हणाले, "तुजी दाढी लय निरोगी हाय रं सायबा."

डोंगर खाऊन जो तुकडा उरला, त्याच्या माथ्यावर देवीचं छोटं देऊळ आहे. देवीच्या तोंडावर कपाळापासून खाली फडकं बांधलेलं असायचं. लोक नवस बोलून त्यावर आणखी फडकी बांधत. माझ्या प्रमोशनसाठी सासूबाईंनी साताऱ्याहून जरीचं आणलं होतं. प्रमोशन झालं नाही, पण जर चांगली होती.

जत्रेला एकदा साताऱ्याची सगळी मंडळी वर नेली. मेहुण्याने विचारलं, "देवीचं तोंड का झाकलंय?" मला माहीत नव्हतं. पण जावयाने माहीत नाही म्हणायचं नसतं. मी आवाज खाली आणून म्हणालो, "उग्र देवी आहे. नजर झेपत नाही माणसाला. फार जुनी परंपरा आहे." मंडळींनी भीतीने हात जोडले. मला स्वतःलाही थोडी भीती वाटली.

मागे पायरीवर दादूस बसले होते. ते हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले आणि मग बराच वेळ नुसते खोकतच राहिले.

"नजर नाय रं! धूल!" दम परत आल्यावर ते म्हणाले. "क्रशर लावला तवा मीच बांधला यो फडका. आय बोलली, देवीच्या नाकातोंडान जातंय, पाप लागंल."

"मग काढणार कधी?" मी विचारलं. सासरच्यांकडे बघायची सोय राहिली नव्हती, म्हणून काहीतरी विचारायचं.

"धूल थांबली का. माज्या हातानं. शबूद दिलाय तिला."

पुढे वरून आदेश आला आणि डोंगरावरची क्रशर बंद पडली. दादूसनी फडकं काढलं नाही. विचारलं की म्हणायचे, "परत चालू झाला तं?" त्यांना ते चालू व्हायला हवं होतं, हे मला कळत होतं. ते चालू होणार नाही हे त्यांना पटेपर्यंत दोन जिने चढणंही त्यांना जड जाऊ लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात बसली आहे, ती आता निघत नाही, डोंगर चढायचं नाव काढू नका.

दादूसनी दुसरं कसलंच नाव काढलं नाही. "तिला दिलेला शबूद मोरून मेलू तं वरती काय सांगू?" एवढंच. शेवटी एका रविवारी पहाटे त्यांनी मला फोन केला. पोरं सोडणार नाहीत, म्हणून ती उठायच्या आत निघायचं होतं. बरोबर कोणी धडधाकट हवं म्हणून मला बोलावलं, असं ते म्हणाले. मला हे ऐकून बरं वाटलं. आयुष्यात मला कोणी धडधाकट म्हटलेलं नव्हतं.

चढ सुरू झाला. थोडं चढलं की दादूस थांबायचे आणि खाली बोट दाखवायचे. "त्यो टावर बघ. खडी आमची." पुन्हा थोडं चढायचं. "त्यो पूल बघ." तो अख्खा टापू मी त्या दिवशी मोठ्या भक्तिभावाने बघितला, कारण त्यांच्याआधी माझाच दम गेलेला असायचा. त्यांना ते दिसत होतं. तरी एका शब्दाने बोलले नाहीत.

निम्म्या वाटेवर एक मोठा काळा दगड आहे. तिथे ते बसले आणि त्यांना पुढे उठवेना. खिशातला श्वासाचा पंप ओढून झाला, पाणी पिऊन झालं. ओठ निळसर दिसत होते. मी म्हटलं, "दादूस, परत फिरू या." त्यांनी वर देवळाकडे बघितलं, ते अगदी जवळ दिसत होतं. मग देवीसाठी आणलेला नारळ माझ्या हातात दिला.

"तू जा. माजं नाव सांग तिला. आनि खालचा फडका माना आनून दे."

मी वर गेलो. कसा गेलो ते सांगण्यासारखं नाही, शेवटचा चढ चार पायांवर केला. देवीपुढे नारळ ठेवला, दादूसचं नाव सांगितलं आणि गाठी सोडू लागलो. एकावर एक फडकी, खणाची, लेस लावलेली, मधेच सासूबाईंची जर. सगळ्यात खाली एक जुना पंचा होता, धुळीने पापडासारखा ताठ झालेला. तो काढला आणि मी उगाचच डोळे मिटले. माझ्याच थापेवर माझा विश्वास बसला होता.

पंचा घेऊन खाली आलो आणि झटकायला गेलो.

"झटकू नको!" ते ओरडले. "हितं परत धूल उरंल." त्यांनी तो हळू हातांनी घडी करून मांडीवर ठेवला. "तोंड कसं हाय तिचं?"

"स्वच्छ आहे, दादूस. शेंदूर कालच लावल्यासारखा."

त्यांनी पंच्याची घडी पुन्हा एकदा सारखी केली.

"तिला बांधला," मग म्हणाले. "कामावरच्या बायांना नाय बांधला. पोरांना नाय. माना सोताला नाय. कोनाच्या डोसक्यान आला नाय रं."

सेक्रेटरी असल्यामुळे माझ्याकडे सगळ्यावर उत्तर असतं. तेव्हा मात्र मला रडू आलं. ते माझ्या पाठीवर थाप मारत राहिले, खांबावर मारायचे तशी.

पावसाळ्यात त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मला बघून त्यांनी तो जरासा वर उचलला आणि डोळा मारला. "देवीचा फडका कारला, माना बांधला." नर्स ओरडली, त्यांनी गुपचूप मास्क खाली केला. त्याच आठवड्यात ते गेले.

देवीच्या तोंडावर आता पुन्हा फडकी येतात. परवा एका बाईंना मी म्हटलं, "झाकू नका, धूळ थांबली आहे." त्यांनी माझी कीव केली आणि आवाज खाली आणून समजावलं, "धूळ नाही हो, उग्र देवी आहे. नजर झेपत नाही माणसाला. फार जुनी परंपरा आहे." त्या साताऱ्याच्या नव्हत्या, म्हणजे माझी थाप बरीच फिरली असावी.

म्हणून मी अधूनमधून रविवारी वर जातो, गाठी सोडतो, घड्या करून देवीच्या पायाशी ठेवतो. उतरताना त्या काळ्या दगडावर बराच वेळ बसून राहतो. घरी उशीर का झाला विचारलं, तर सांगतो की उतरताना दम लागला होता. बायको म्हणते, "उतरताना?"