मुकादम पारखून घेणारा

केजला आमच्या शेजारी मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक गडी आहे. बोलताना स्क्रूड्रायव्हर कानामागं खोचतो आणि दर वाक्याला "समजलं का भाऊ?" विचारतो. यंदा त्यानं कॉम्प्युटरची जुनी ग्राफिक्स कार्डं जोडून क्रिप्टो मायनिंग, म्हणजे मशीन राबवून डिजिटल नाणी कमावण्याचं काम, मांडलं. सॉफ्टवेअर लगेच निवडलं, एक बटण दाबलं की सुरू होणारं. अडलं ते पूल निवडताना. पूलमध्ये अनेकांची मशीनं मिळून राबतात आणि कमाई वाटून घेतात.

"ही ऊसतोडीची टोळीच हाय, समजलं का भाऊ? समदे राबतेत, मुकादम कमिशन कापतो. मुकादम आधी पारखावा."

दुकान टाकण्याआधी तो स्वतः कोयता घेऊन उसाच्या फडात जायचा. त्यामुळं कमिशनकडं न बघता त्यानं प्रत्येक पूलच्या ग्रुपवर इंग्रजीतून एकच प्रश्न टाकला, "जेवलात का?" एकाच ठिकाणाहून उत्तर आलं. गडी त्याच पूलमध्ये शिरला.

परवा वीज गेली आणि मशीन बंद पडलं. थोड्याच वेळात पूलचा मेसेज आला, "तुमचं मशीन शांत आहे. सगळं ठीक ना?" गडी एवढा खूश झाला की अख्ख्या गल्लीला त्यानं चहा पाजला.

मी म्हणालो, "अरे, असले मेसेज मशीनच आपोआप पाठवतं."

"ठाव हाय की," तो हसला. "पर मी फडात तापानं पडलतो, तवा मुकादमानं एवढंबी इचारलं न्हाई. समजलं का भाऊ?"

आजवर या प्रश्नाला मी नुसती मान हलवायचो. त्या दिवशी तोंडानं म्हणालो, "समजलं."