पहिल्या खाटेवरच्या डॉक्टरीणबाई

डॉक्टरीणबाई रोज सकाळी रिकाम्या खाटांवरच्या चादरी बदलत. काल त्यांवर कुणी झोपलेलं नसायचं आणि आजही कुणी येणार नसायचं. त्या काही शिकलेल्या डॉक्टर नव्हत्या; डॉक्टरांची बायको म्हणून बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या गावानं त्यांना डॉक्टरीण करून टाकलं होतं. "चादर मळकी दिसली तर आलेला माणूस परत जाईल," म्हणायच्या. मला हसू यायचं. यायला होतं कोण?

सन तीसच्या पुढची ती वर्षं. दवाखाना गावानंच बांधला होता. कुणी दगड दिले, कुणी बैलगाड्या. पण जागा मिळाली माळावरची, जिथं प्लेगात झोपड्या घातल्या होत्या. तिथं नेलेली माणसं घरी परतली नव्हती, हे बाया विसरल्या नव्हत्या. मला दिवस गेले होते. आधीचं मूल बाळंतपणातच गेलेलं, म्हणून या वेळी डॉक्टर हवाच असं मला वाटे. सासूबाई म्हणाल्या, "तितं न्हाय जायचं. नवी वास्तू पयला जीव मागती."

डॉक्टरीणबाईंनाही पहिल्यांदाच दिवस गेले होते. माहेरी न्यायला वडील बारामतीहून गाडी जुंपून आले. बाईंनी त्यांना पोटभर जेवू घातलं आणि रिकामी गाडी परत पाठवली. मी समजवायला गेले तर म्हणाल्या, "मीच पळाले तर गावातली कोण येईल?" मला त्यांचा रागच आला. हा कसला हट्ट!

एका दुपारी कळा सुरू झाल्या तशा त्या आपल्या पायांनी जाऊन पहिल्या खाटेवर झोपल्या. बाया लांब बांधावर उभ्या होत्या. दिवस मावळताना डॉक्टर बाहेर येऊन पायरीवर बसले. मूल गेलं होतं.

"म्या सांगितलं व्हतं," सासूबाई पुटपुटल्या. आता दवाखान्याला कुलूप लागणार, असं सगळे धरून चालले.

उठता यायला लागल्यावर बाई थेट आमच्याकडे आल्या. चेहरा पांढराफटक. सुतक फिटलं नव्हतं म्हणून अंगणातच उभ्या राहिल्या.

"त्या वास्तूनं पहिला जीव घेतला, मावशी," त्या सासूबाईंना शांतपणे म्हणाल्या. "माझा घेतला. आता हिला पाठवा."

सासूबाईंनी आत जाऊन माझ्या लुगड्यांचं गाठोडं बांधलं.

माझा मुलगा त्या दवाखान्यात जन्मला. बाई माझा हात धरून होत्या. तो रडला तसा त्यांनी त्याला पुसून माझ्या कुशीत दिला, "आलेच हं," म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. डॉक्टरांनी त्यांना हाक मारली नाही. मीही नाही.