सुदामच्या मंजुरीची वाट

सुदाम गेल्याचा त्याच्या भावाचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अबे, मले त्याच्याशी बोलाचं होतं न!" ज्याचा भाऊ नुकताच गेला, त्याला हे ऐकवणारा मी! दीड महिना झाला, लाज जात नाही. बोलायचं होतं ते एवढंच, की चूक माझी होती.

यवतमाळच्या कॉलेजात आम्ही एका बाकावरचे. पुढे दोघांनी मिळून मोबाइलसाठी गोरबोलीचा, म्हणजे सुदामच्या बंजारा बोलीचा, शब्दकोश बनवला. फुकट, आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला. कोणीही बदल सुचवावा. सुदामनं तो ओळ न् ओळ तपासून मंजूर केला, की नवी आवृत्ती बाहेर पडायची. पण त्याची तपासणी म्हणजे सत्त्वपरीक्षा! नुसतं वाचून भागायचं नाही. ढाणकीजवळच्या आपल्या तांड्यावर, म्हणजे बंजारा वस्तीवर, जाऊन आईच्या, म्हणजे याडीच्या, जुन्या फोनवर तो चालवून पाहायचा. तिथे रेंज येते-जाते. "इथं चाललं त कुठंबी चालते," म्हणायचा.

एकदा बदल माझा होता आणि मला घाई होती... कौतुकाची घाई, दुसरं काय.

"दोन दिस थांब न बे. याडीच्या फोनवर पाह्यतो, मंग सोड."

"तुह्या मंजुरीसाठी आता मुहूर्त काढू काय?" म्हणालो आणि त्याला डावलून आवृत्ती सोडून दिली. याडी लग्नातल्या गाण्यांचे जुने शब्द आमच्या शब्दकोशात बोलून साठवत होती. मध्येच रेंज गेली, आणि माझ्या बदलानं तिचे सगळे शब्द पुसले. सुदामनं चूक शोधली, निस्तरली, चारचौघांत मला एका शब्दानं बोलला नाही. "याडीनं पुन्हा सांगतले सारे. तू टेन्शन नको घेऊ." मीही घेतलं नाही. माफी मागायची राहून गेली... राहून कसली, मागितलीच नाही.

तो गेल्यावर तांड्यावर गेलो. याडीजवळ बसून विचारलं, ते शब्द तिनं पुन्हा सांगितले होते ना.

"कायचे सांगतले बाबा? मले आता आठवतच नाही. सुदाम म्हने, फोन जुना होता, म्हनून गेले."

"फोनची चूक नव्हती, याडी. माही होती."

"मंग त्यानं तुहं नाव काहून नाही घेतलं?"



आता नवी आवृत्ती तयार आहे. नेहमीप्रमाणे ती आपोआप त्याच्याकडेच तपासायला गेली. पानावर लिहून येतं, सुदामच्या मंजुरीची प्रतीक्षा. ते नाव काढायचा अधिकार मला आहे, एका बटणाचं काम. तो जिवंत असताना त्याला डावलायला मला क्षणही लागला नव्हता. आता बोट पुढे जात नाही.