डावखुरा विळा

गवत कापायचं यंत्र किती वर्षं टिकेल, असं कोणी विचारलं की मला राग येतो. आमचा विळा फार टिकला. बाबा डावखुरे, म्हणून मुरबाडच्या लोहाराने त्याचे दाते उलट्या बाजूने पाडले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत बाबा तापाने गेले. नव्या विळ्याला लोखंड मिळेना, तेव्हा उजव्या हाताची आई तोच विळा घेऊन डाव्या हाताने गवत कापायला शिकली. गवत धरलेल्या उजव्या हाताची बोटं सारखी चिरायची. दसऱ्याला चिंध्या गुंडाळलेल्या त्याच बोटांनी ती विळ्याला कुंकू लावायची. म्हणायची, "याला काय होत नाय रे." तिचं म्हणणं खरंच होतं. तिला स्मशानात पोचवून घरी आलो, तेव्हा विळा कुडाच्या भिंतीत खोचलेला होता. धार तशीच.