चौदातले उरलेले तीन दिवस

दुपारचे तीन वाजलेत आणि जुईला पाजता पाजता माझा डोळा लागतो आहे, हे मला नीट कळतं आहे. स्वयंपाकघरात आई उद्यासाठी डाळ निवडते आहे. ताटात डाळ सरकल्याचा आवाज येतो. उद्या नानांचं, माझ्या वडिलांचं, वर्षश्राद्ध. मी स्वतःला बजावते, झोपायचं नाही, बाळ अंगाखाली येतं. एक हात तिच्यावर ठेवते. डाळीचा आवाज बारीक होत जातो, आणि मग तो पाण्याचा असतो, काठावरच्या गोट्यांपर्यंत येऊन परत जाणारा.

मी सावरगावच्या तलावावर उभी आहे. जुई कडेवर आहे. थंडी दिसते, पण लागत नाही. नाना नेहमीच्या जागी, स्टँडवरच्या दुर्बिणीला डोळा लावून बसलेत. माकडटोपी, कोपरावर उसवलेला स्वेटर. मान न वळवता म्हणतात,

"उशीर केलास मैथिली. लिही. तलवार बदक, चाळीस."

माझ्या हातात पेन आहेच. दर जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजणी असायची तेव्हा आमची वाटणी हीच. एकाने बघायचं आणि बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. लिहिणाऱ्याने वर बघायचं नाही, आकडा चुकतो. सातवीपासून लग्न होईपर्यंत मी लिहिणारी. खोटं कशाला सांगू, त्या तलावावरचे पक्षी मी बघितले त्याहून जास्त लिहिलेत.

कागद म्हणून बघते तर ते जुईचं लसीकरणाचं कार्ड आहे. मी त्यावरच चाळीस लिहिते.

"थापट्या बदक, एकशेवीस. अंदाजे."

"अंदाजे कसं चालेल नाना?"

"एवढ्या थव्यात डोकी मोजत नाहीत. दहाचा एक घोळका डोळ्यांत धरायचा आणि तसे किती बसतात ते बघायचं. विसरलीस? बाकी तू मोजणीत पक्की. दिवससुद्धा मोजतेस."

हा टोमणा कशावरून, ते सांगायला हवं. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते. जुई आठव्या महिन्यातच झाली, पावणेदोन किलोची. बावीस दिवस काचेच्या पेटीत होती. शनिवारी तिला घरी आणली आणि रविवारी मोजणी. पेपरात बर्ड फ्लूच्या बातम्या होत्या. मी म्हणाले, "जायचं तर जा नाना. पण मग चौदा दिवस या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही." ते गेले. परत आले ते बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायला लागले, तिथेच जेवायला लागले. रोज सकाळी दाराबाहेरून विचारायचे, "आज वजन किती?" मी आतून ग्रॅम सांगायचे. अकराव्या दिवशी पहाटे ते त्याच दिवाणावर गेले, झोपेत. रोग कोंबड्यांचा होता, तोही दोन जिल्हे पलीकडचा, हे मला नंतर कळलं.

तलावाचं पाणी आता फरशीवर आहे. दवाखान्याचा तो लांब कॉरिडॉर, भिंतीवर हिरवा पट्टा, पाणी घोट्याएवढं. नाना बाकावर बसलेत आणि बाकाखालून टिबुकल्या, तलावावरची ती इवली पाखरं, बुडी मारून पलीकडे निघतायत. शेजारी काचेची पेटी आहे, रिकामी. जुई माझ्या कडेवर आहे. मी दोनदा खात्री करते.

"दे," नाना म्हणतात.

"काय?"

"तिला. थोडा वेळ."

गेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही मागतं, ते देऊ नये. आई कालच शेजारच्या काकूंना हे सांगत होती, आणि मी एम.एस्सी. झालेली, हसले होते.

"हात धुतलेत?" माझ्या तोंडून निघून जातं.

नाना हात पुढे करतात. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली. "वर्षभर गोदावरीत आहेत. अजून किती धुवायचे?"

"चौदा दिवस व्हायचेत."

"तीन उरलेत. ते आता कुठून आणू?"

"मग गेलात कशाला?" माझा आवाज चढतो. "एका वर्षी नसती झाली मोजणी, तर पक्ष्यांचं काय अडलं असतं?"

"काही नाही."

"मग?"

नाना स्वेटरचा उसवलेला धागा ओढत राहतात. आम्ही आमच्याच घरात आहोत, बाळंतिणीच्या खोलीच्या दारात. मी आत, ते बाहेर. उंबऱ्यावर शेवाळ धरलंय.

"माझ्या घरात तू मला उंबरा घालून दिलास. तोही तुझ्या आईसमोर. राग आला मला. मोजणी नऊलाच संपली होती. संध्याकाळपर्यंत नुसता बसून होतो काठावर. म्हटलं, बघू दे वाट."

वर्षभर मी स्वतःला सांगत आले की त्यांना नातीपेक्षा पक्षी जास्त होते. पक्ष्यांवर रागावणं सोपं होतं.

"मी वाट बघितली नाही," मी म्हणते. "मी म्हटलं, बरं झालं. निदान तुमचा हात लागणार नाही तिला."

"हं. वाटलंच मला."

मग ते पुन्हा हात पुढे करतात. जुईला कोणीही हात केले की ती जाते, दूधवाल्याकडेसुद्धा. ती कडेवरून झुकते, अर्धी त्यांच्याकडे झालीसुद्धा. नानांचा चेहरा मी असा कधी पाहिलेला नाही. देऊन टाकावं, असं मला वाटतं. खरंच वाटतं. त्यांची बोटं तिच्या झबल्यापर्यंत येतात आणि मी तिचा दंड धरून तिला मागे ओढते.

"नाही नाना."

"थोडाच वेळ म्हणतोय."

"नाही."

"बरं." हात खाली जातात. "वजन तरी सांग."

"आठ किलो चारशे."

त्यांच्या पाठीमागे दिवाण आहे आणि दिवाणामागे लगेच तलाव. ते वळून दुर्बिणीशी जाऊन बसतात, डोळा लावतात, आणि मला लिहून घ्यायला सांगावं तसं स्पष्ट, सावकाश म्हणतात, "आठ किलो चारशे."

माझे दोन्ही हात जुईला धरून आहेत. मी लिहून घेत नाही.

जुईच्या रडण्याने जाग येते. खिडकीतलं ऊन अजून तिथंच आहे, पलंगाच्या पायाशी. ती कळवळून रडते आहे, भुकेचं रडणं नाही हे. आई पदराला हात पुसत दारात येते.

"काय झालं ग? पडली का?"

"नाही."

मी जुईची बाही वर सारते. कोवळ्या दंडावर चार लाल वळ उठलेत, आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा एक.

"अगं बाई. कोणी धरलं हिला एवढं?"

मी त्या वळांवर माझी बोटं ठेवून बघते. एकेक. बरोबर बसतात.