मार्थाबाई एक दिवस थांबल्या

चाकणपासून दोन कोसांवर, भामा नदीच्या अलीकडं आमचं गाव. गावाबाहेर मिशनचं पत्र्याचं चर्च होतं आणि त्याला लागून दोन खोल्या. तिथं पाळक शांतवन रणपिसे, त्यांची बायको मार्थाबाई आणि सात वर्षांची लेक सुवार्ता राहायची. पाळकांना सगळं गाव मास्तर म्हणायचं, पण शाळा चालवायच्या त्या मार्थाबाई. आम्ही शेतकरी माणसं, तरी माझ्या आईनं, छबूबाईनं, मला त्यांच्याकडं धाडलं, म्हणून मला अक्षर आलं. सुवार्ता माझ्याहून लहान, पण माझ्याच शेजारी बसायची. पाटीच्या कोपऱ्यात फूल काढल्याशिवाय तिची बेरीज पुरी होत नसे.

त्रेपन्न सालचा उन्हाळा. त्याआधीचा पाऊस वाया गेलेला. नदी कोरडी पडली तेव्हा बायका वाळूत झिरे खणून वाटी-वाटीनं पाणी भरायला लागल्या. मिशनची विहीरही वैशाखात आटली. मग मार्थाबाई आईबरोबर झिऱ्यावर यायच्या. ते गढूळ पाणी फडक्यानं गाळायच्या. रोज उकळायला सरपण कुठून आणणार?

एका सकाळी कोंडाजी पाटील चर्चच्या दारात येऊन उभे राहिले. असं आधी कधी झालं नव्हतं.

"मास्तर, आमचं समदं करून झालं," ते म्हणाले. "आता तुमच्या देवाला सांगून बघा. गाव तुमच्यासंगं बसंल."

मास्तरांचे डोळे भरून आले. नऊ वर्षं ते या गावात प्रभूविषयी बोलत होते आणि लोक मान हलवून पुढं जात होते. त्यांनी तीन दिवसांचा उपास आणि प्रार्थना ठरवली.

सुवार्ता तेव्हा आठवडाभर तापानं पडलेली होती. प्रार्थनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ग्लानी आली. मार्थाबाई मागच्या दारानं चर्चमध्ये गेल्या. आत बाहेर मिळून दोनशे माणूस बसलेलं. आई बाईंच्या मागंच होती, त्यामुळं तिथलं बोलणं मला तिच्याकडून कळलं.

"अहो, पोरीला पुण्याला न्यायला हवं. आजच."

"उद्या संध्याकाळी समाप्ती आहे. झाली की लगेच निघू."

"ती मला ओळखत नाही हो."

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "मार्था, ही माणसं पहिल्यांदा आलीत. मीच उठून गेलो तर त्यांनी काय समजायचं? आपल्या लेकराला तो सोडणार नाही. तुझा विश्वास आहे ना?"

"आहे," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर आई त्यांना म्हणाली, "बाई, मी येते संगं. चला, आपण दोघी निघू."

"उद्यापर्यंत थांबू या, छबूबाई."

आणि त्या थांबल्या. दिवसभर पोरीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत बसल्या.

तिसऱ्या दिवशी उजाडताना सुवार्ता किंचाळली. पोटाला हात लावू देईना. या वेळी बाईंनी कुणालाच विचारलं नाही. पोरीला खांद्यावर टाकलं आणि चाकणच्या वाटेला लागल्या. आई मागून धावत गेली. दोघींनी पाळीपाळीनं तिला उचललं आणि पहिली मोटार गाठली.

पुण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी तपासलं. "विषमज्वर आहे. आतडं फुटलंय," ते म्हणाले. "काल आणली असती तर काही करता आलं असतं."

दुपारी सुवार्ता गेली.

आईनं चाकणच्या मोटारीच्या ड्रायव्हरकडं निरोप दिला. पण एवढ्या उन्हाळ्यात देह ठेवता येईना. ओळखदेख नसलेल्या एका पाळकांनी संध्याकाळी दफनविधी केला. आईला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं बाईंना विचारलं, "म्या माती टाकली तर चालंल का?"

"तुम्हीच टाका," बाई म्हणाल्या. "घरचं दुसरं कोण आहे इथं?"

निरोप पोचला तेव्हा गावात समाप्तीची प्रार्थना चालू होती. मास्तर तसेच निघाले. शेवटची मोटार गेलेली, म्हणून पुण्यापर्यंत चालत गेले. पोचले तोवर दुसरा दिवस उजाडला होता.

त्या प्रार्थनेनं पाऊस आला नाही. तो पुढं जूनच्या अखेरीस, त्याच्या वेळेला आला. कोंडाजी पाटील नारळ घेऊन गेले, तर मास्तरांनी दार उघडलं नाही.

रविवारी मास्तर लोकांपुढं उभे राहायचे, पवित्र शास्त्र उघडायचे, आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. चौथ्या रविवारी बाई उठल्या, त्यांच्या हातून ग्रंथ घेतला आणि स्वतः वाचायला लागल्या. दीड वर्ष त्यांनीच उपासना चालवली. शेवटी मिशनचं पत्र आलं की पाळकाशिवाय गावातलं चर्च चालू ठेवता येत नाही. शाळाही गेली. पिंपरीला नवा औषधांचा कारखाना उभा राहिला होता. तिथं मास्तर बाटल्या धुण्याच्या कामाला लागले.

अठ्ठावन्न साली आई मला घेऊन त्यांना भेटायला गेली. एक खोली, दारात नळ. मास्तर पाणी भरायला बाहेर गेले तशी आईनं विचारलं, "बाई, तुमी त्यांना कधी काही बोललाच न्हाई?"

"ते रोज म्हणतात, एकदा तरी मला बोल." बाई पीठ मळता मळता थांबल्या. "पण काय बोलू? त्या दिवशी मला कुणी धरून ठेवलं होतं? तुम्ही तर चला म्हणाला होतात. मीच थांबले."

आईनं पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "आन् तरीबी प्रार्थना करता?"

"करते. आता मागत काही नाही. नुसती बसते त्याच्यापुढं."

मास्तर हंडा घेऊन आत आले. आम्ही जेवायला बसलो. पानं वाढून झाली तेव्हा बाईंनी मास्तरांकडं बघितलं, जसं पूर्वी त्या बघत, त्यांनी प्रार्थना म्हणावी म्हणून. मास्तरांचे ओठ हलले. आम्ही वाट बघितली. त्यांनी मान खाली घातली.

बाईंनीच दोन वाक्यांत अन्नाबद्दल आभार मानले. "आमेन" मी म्हटलं आणि आईनं म्हटलं. बाईंनी भाकरी मोडून मास्तरांच्या ताटात ठेवली.